गोळा कोणाचा?



आज एका बोटीबद्दल लिहायचं आहे. लढाईची बोट म्हटली की डोळ्यांपुढे चार-चार मोठ्या तोफा आणि हजारभर खलाशी येतात. ही तशी नव्हती. ही समुद्रातले सुरुंग काढणारी बोट. इंग्रजीत अशा बोटीला माइनस्वीपर म्हणतात, म्हणजे शब्दशः सुरुंगांचा केर काढणारी. घरात रोज केर काढणारीचं जेवढं नाव होतं तेवढंच या बोटींचं युद्धाच्या इतिहासात झालं. पण त्यातली एक मात्र पुस्तकांत जाऊन बसली. तिचं नाव ‘बंगाल’. तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीची, म्हणजे इंग्रजांच्या अमलातल्या हिंदी नौदलाची ही बोट. आणि गंमत अशी, की ती पुस्तकांत गेली ती सुरुंग काढण्याबद्दल नाही, तर जे काम तिचं नव्हतंच त्याबद्दल.

आधी तिचं खरं काम काय ते सांगते. मास्तरकीची सवय, पायऱ्या सोडून पुढे जाववत नाही.

पाणसुरुंग म्हणजे स्फोटकं भरलेला लोखंडी गोळा. तो एका जड ठोकळ्याला तारेने बांधलेला असतो. ठोकळा तळाशी बसतो आणि गोळा पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही हातांवर लटकत राहतो. वरून काही दिसत नाही. बोटीचा तळ त्याला लागला की संपलं. असे सुरुंग काढायची जुनी रीत साधी पण जिवावरची आहे. बोटीच्या मागून बाजूला एक लांबलचक पोलादी तार पाण्यात सोडायची. ती ठरावीक खोलीवर राहावी आणि बोटीपासून लांब पसरावी म्हणून तिला खास आकाराच्या फळ्या लावलेल्या असतात, आणि टोकाला एक तरंगता पिंप. तारेवर मध्ये मध्ये कातऱ्या. सुरुंगाची तार या तारेला अडकली की घसरत घसरत कातरीपाशी जाते आणि तुटते. सुरुंग वर येतो. मग डेकवरून बंदुका झाडून तो फोडायचा नाहीतर बुडवायचा. पुढे पुन्हा तीच तार, तोच पट्टा, शेत नांगरतात तसा समुद्र नांगरत जायचं. काल झाडलेला मार्ग शत्रूने रात्री पुन्हा पेरला असेल, म्हणून आज पुन्हा झाडायचा.

हे सगळं लांबचं वाटेल. पण मुंबईला याचा अनुभव पहिल्या महायुद्धातच आला होता. फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘वोल्फ’ नावाचं जर्मन जहाज मालवाहू बोटीच्या रूपात येऊन मुंबईबाहेरच्या समुद्रात सुरुंग टाकून निघून गेलं. ते सुरुंग चार महिने गुपचूप पाण्यात राहिले. २३ जून १९१७ ला पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ ही मोठी प्रवासी बोट मुंबईजवळ आली आणि त्यातल्या एकावर आदळून बुडाली. टाकणारा केव्हाच हजारो मैल दूर गेलेला! सुरुंगाचं वैशिष्ट्यच हे, की त्याला मारायचं कोणाला ते माहीत नसतं आणि युद्ध कधी संपलं तेही माहीत नसतं.

म्हणूनच दुसरं महायुद्ध आल्यावर हिंदी नौदलाला माइनस्वीपर हवे झाले. ऑस्ट्रेलियात त्या वेळी ‘बाथर्स्ट’ जातीच्या बोटी बांधल्या जात होत्या. एकूण ६० बांधल्या. त्यातल्या चार हिंदी नौदलासाठी होत्या आणि त्यांना आपल्या प्रांतांची नावं दिली : बंगाल, बॉम्बे, मद्रास, पंजाब. (दुसऱ्या एका जातीच्या माइनस्वीपरांमध्ये ‘कोकण’ नावाचीही एक बोट होती, हे आमच्या रत्नागिरीकर मंडळींना आवडेल.) ‘बंगाल’ सिडनीच्या कॉकाटू बेटावरच्या गोदीत बांधली. लांबी १८६ फूट, रुंदी ३१ फूट, वेग ताशी १५ सागरी मैल. मोठी तोफ एकच, तीसुद्धा बारा पौंडी. म्हणजे तिच्या गोळ्याचं वजन साधारण साडेपाच किलो. या बोटींना चार इंची तोफ मिळायची, पण तेव्हा तोफांचा तुटवडा होता. हे साडेपाच किलो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘बंगाल’ नौदलात दाखल झाली ऑगस्ट १९४२ मध्ये. माझ्याबरोबर इतिहास शिकलेल्या आणि शिकवलेल्या कोणालाही १९४२ चा ऑगस्ट म्हटला की एकच गोष्ट आठवते. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. त्याच महिन्यात सिडनीत हिंदी खलाशी इंग्रजांचा झेंडा लावलेल्या एका नव्या बोटीवर चढत होते. हे दोन्ही एकाच देशाचे लोक. आमच्या पाठ्यपुस्तकात पहिल्यांना जागा होती, दुसऱ्यांना नव्हती. पुस्तकाला पानंही मोजकीच असतात, मान्य आहे. पण घरांना पानं मोजून देता येत नाहीत.

आता लढाईकडे येऊ.

नोव्हेंबर १९४२. ‘बंगाल’चा हा पहिलाच मोठा प्रवास, ऑस्ट्रेलियाहून हिंदुस्थानकडे. सोबतीला ‘ओंडिना’ नावाची डच तेलवाहू बोट. शेल कंपनीची, ६,३४१ टनांची. ‘बंगाल’ने तिची राखण करत दिएगो गार्सिया बेटाकडे जायचं होतं. ‘बंगाल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन, ‘ओंडिना’चे विलेम होर्समन. ‘ओंडिना’च्या टाक्या रिकाम्या होत्या. हेही ध्यानात ठेवा. तिच्यावर डच अधिकारी, चिनी खलाशी, आणि मागच्या एका चार इंची तोफेवर ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, डच अशी मिश्र माणसं. गोळे जेमतेम ३२.

११ नोव्हेंबरला दुपारच्या सुमारास कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, चहूकडे नुसतं पाणी असताना, दोन मोठ्या बोटी दिसल्या. जपानी होत्या. एक ‘होकोकू मारू’, दुसरी ‘आयकोकू मारू’. मुळात ओसाकाच्या एका कंपनीसाठी बांधलेल्या प्रवासी-मालवाहू बोटी, युद्धासाठी तोफा आणि टॉर्पेडो चढवून शिकारी केलेल्या. प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठ्या, वेग २१ सागरी मैल, तोफा साडेपाच इंची. त्यांचा एक गोळा सुमारे ३८ किलोचा. याच जोडीने त्याच वर्षी मे महिन्यात ‘जेनोटा’ ही दुसरी डच तेलबोट आणि जुलैत न्यूझीलंडची ‘हाउराकी’ पकडून नेली होती. नावांचे अर्थ पाहिले तर ‘होकोकू’ म्हणजे देशाची सेवा, ‘आयकोकू’ म्हणजे देशावरचं प्रेम. प्रत्येक देश आपल्या तोफांना अशीच नावं देतो.

विल्सननी काय करावं? पळून जाणं शक्य नव्हतं. वेगाचं गणित कोणीही करावं : १५ वजा २१. त्यांनी ‘ओंडिना’ला निघून जायला सांगितलं आणि ‘बंगाल’चं तोंड सरळ शत्रूकडे वळवलं. आपण अंगावर जायचं, शत्रूला गुंतवायचं आणि तेवढ्यात तेलबोटीने निसटायचं, हा बेत. केर काढणाऱ्या बोटीने दोन वाघांच्या अंगावर जाणं म्हणजे काय ते समजून घ्या. तीन-चार हजार वारांपर्यंत जवळ गेल्याशिवाय तिच्या तोफेचा उपयोगही नव्हता.

आणि इकडे होर्समननी ते ऐकलंच नाही. त्यांच्या बोटीचा वेग ‘बंगाल’हूनही कमी, बाराच मैल. एकटं पळून गाठलं जाण्यापेक्षा इथेच दोघांनी मिळून लढलेलं बरं, असा त्यांनी हिशेब केला आणि मागची तोफ सुरू करायला लावली.

म्हणजे एकाने दुसऱ्याला वाचवायला स्वतःला पुढे केलं, आणि ज्याला वाचवायचं तो गेलाच नाही. मला या सगळ्या हकिकतीत सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते.

मग जे झालं त्यावर जपान्यांचाही विश्वास बसला नसेल. एक गोळा ‘होकोकू मारू’च्या उजव्या बाजूला, टॉर्पेडो ठेवलेल्या जागी लागला. आग भडकली, पसरत मागच्या दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत गेली आणि प्रचंड स्फोट होऊन ती दहा हजार टनांची बोट बुडाली. तिच्यावरच्या ३५४ माणसांपैकी ७६ मेली, कप्तानासकट.

उरलेली ‘आयकोकू मारू’ पेटून उठली. ‘बंगाल’वर गोळे लागले होते, तिचा दारूगोळा संपत आला होता. ‘ओंडिना’वर गोळे पडताना दिसत होते. विल्सननी धुराचा पडदा सोडला आणि ‘ओंडिना’ गेली असं समजून ते दूर झाले. ‘बंगाल’वर एकही माणूस दगावला नाही. ती सुखरूप दिएगो गार्सियाला पोचली.

‘ओंडिना’ मात्र गेली नव्हती. तिचे गोळे संपले. होर्समननी बोट सोडायचा हुकूम दिला आणि त्याच सुमारास ब्रिजवर लागलेल्या गोळ्याने ते स्वतः मारले गेले. माणसं होड्यांत उतरली. ‘आयकोकू मारू’ने अगदी जवळून टॉर्पेडो मारले. ते लागले, पण टाक्या रिकाम्या! तेल असतं तर वणवा पेटला असता. रिकाम्या टाक्यांच्या हवेवर बोट कलली पण तरंगत राहिली. मग जपान्यांनी होड्यांतल्या माणसांवर मशीनगन चालवली, त्यात आणखी काही मेले. नंतर आपल्या बुडालेल्या बोटीची माणसं उचलून, ‘ओंडिना’ आता बुडणारच असं धरून ‘आयकोकू मारू’ निघून गेली. शत्रू गेल्यावर पहिले अधिकारी रेहविंकेल काही माणसं घेऊन बोटीवर परत चढले. आगी विझवल्या, इंजिन चालू केलं आणि १७ नोव्हेंबरला ही भोकं पडलेली बोट ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला आणली.

आता प्रश्न : तो गोळा कोणाचा?

‘बंगाल’ म्हणाली आमचा. ‘ओंडिना’ म्हणाली आमचा. सुरुवातीला श्रेय ‘बंगाल’ला मिळालं. हिंदुस्थानात या पराक्रमाचा गाजावाजाही झाला, कारण नौदलाला भरतीसाठी माणसं हवी होती. विल्सनना डीएसओ हे पदक मिळालं. डच लोकांनी ‘ओंडिना’चा मान मागितला आणि होर्समनना मरणोत्तर त्यांचा सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. पुढे दोन्ही बाजूंचे कागद ताडून पाहणाऱ्या बऱ्याच अभ्यासकांचा कल ‘ओंडिना’कडे आहे. चार इंची गोळा सुमारे चौदा किलोचा, ‘बंगाल’चा साडेपाच किलोचा, आणि लागलेला घाव मोठा. तरीही आपल्याकडचे काही लेख अजून निःशंकपणे ‘बंगाल’ने जपानी बोट बुडवली असंच लिहितात, आणि डच लिखाणात कधी कधी ‘बंगाल’ नुसती पळून गेलेली दिसते.

मला वाटतं, दोन्ही अर्धी गोष्ट सांगतात. तोफेचा गोळा ‘ओंडिना’चा असेलही. पण तो नेम धरायला तिला जी मिनिटं मिळाली ती कोणी मिळवून दिली? जपान्यांचं लक्ष आणि गोळे दोन बोटींत वाटले गेले, कारण एक छोटी बोट सरळ त्यांच्या अंगावर येत होती. उलट ‘बंगाल’ जिवंत परत आली तीही ‘ओंडिना’ निघून गेली नाही म्हणून. शाळेत दोन मुलं मिळून एक चित्र काढतात आणि मग वही कोणाच्या दप्तरात जाणार यावरून भांडतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे माणसं मेली होती.

आणि विल्सन निघून गेले ते बरोबर की चूक? खुर्चीत बसून हा निकाल देऊ नये असं माझं मत आहे. त्यांच्याजवळचे गोळे संपत आले होते, मागे आपली सगळी माणसं होती, आणि समोर जे दिसलं त्यावरून साथीदार बोट संपली होती. ती संपली नव्हती हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नव्हतं. इतिहास वाचताना आपण नेहमी शेवटचं पान आधी वाचलेलं असतं. पात्रांना ती सोय नसते. पण होड्यांत बसलेल्या चिनी आणि डच माणसांनी पाठमोऱ्या ‘बंगाल’कडे पाहून काय म्हटलं असेल, तेही मनातून जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मुलांना शिकवायला सर्वात अवघड.

अजून एक अवघड गोष्ट. ‘बंगाल’च्या गोष्टीत विल्सन यांचं नाव सगळीकडे येतं, तोफ भरणाऱ्या हातांची नावं क्वचित. जुन्या हिंदी नौदलात खलाशांची भरती परंपरेने दोन ठिकाणांहून जास्त होई : पंजाबातून आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांतून. मी ज्या खाडीकाठच्या शाळेत शिकवलं तिथे पटावर ‘वडिलांचा धंदा’ या रकान्यात ‘जहाजावर’ हा शब्द कितीतरी नावांपुढे असे.

एकदा नववीच्या वर्गात मी बेचाळीसची चळवळ शिकवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “बाई, माझे आजोबा तेव्हा इंग्रजांच्या बोटीवर होते. म्हणजे ते देशाच्या विरुद्ध होते काय?” वर्ग हसला नाही, चूप झाला. त्यातल्या बऱ्याच घरांचा तो प्रश्न होता. मी त्याला म्हटलं, “आजोबा आहेत ना? मग त्यांनाच विचारून ये, बोटीवर काय करत होते.” दुसऱ्या दिवशी तो सांगू लागला, “आजोबा म्हणाले, वायर सोडायची आणि वायर ओढायची. सुरुंगाची. थंडीत हात सोलायचे.” एवढंच. कुठली बोट, कुठला समुद्र, काही नाही.

तो सुरुंग कोणासाठी काढला? इंग्रजांसाठी, हो. पण त्या मार्गाने जाणाऱ्या धान्याच्या बोटीला, तिच्यावरच्या लस्कराला, हजला निघालेल्या म्हाताऱ्याला, कोणालाही तो लागला असता. झाडलेल्या मार्गावरून कोणाचा झेंडा जातो हे झाडणाऱ्याच्या हातात नव्हतं. मी वर्गात तेवढंच सांगितलं.

आणि ही माणसं इंग्रजांची मुकी ताबेदार होती असंही नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या केंद्रातल्या खलाशांनी खराब अन्न आणि अपमानाची वागणूक सहन होईना म्हणून काम थांबवलं. पाहता पाहता ते सुमारे ७८ बोटी आणि वीसेक हजार खलाशांपर्यंत पोचलं. त्यांना बाहेर काढताना कोणी जुनी पदकं मोजली नाहीत. स्वातंत्र्यानंतरही त्यातल्या बहुतेकांना नौदलाने परत घेतलं नाही.

फाळणीत बोटींचीही वाटणी झाली. सोळा मोठ्या माइनस्वीपरांपैकी बारा आपल्याकडे राहिले, चार पाकिस्तानला गेले. पटावर शेजारी शेजारी नावं असलेली माणसंही तशीच वाटली गेली असतील. ‘बंगाल’ आपल्याकडे राहिली. ज्या प्रांताचं नाव तिच्या अंगावर होतं तो प्रांत मधल्या वर्षांत मेदिनीपूरच्या वादळातून, १९४३ च्या दुष्काळातून आणि मग फाळणीतून गेला होता. प्रजासत्ताक झाल्यावर ती ‘आयएनएस बंगाल’ म्हणून चालत राहिली आणि १९६० मध्ये भंगारात निघाली. ‘ओंडिना’ तिच्या एक वर्ष आधी, १९५९ मध्ये मोडली. ‘आयकोकू मारू’ त्याआधीच, फेब्रुवारी १९४४ मध्ये ट्रुक बेटांवरच्या अमेरिकन हल्ल्यात बुडाली होती. चौघींपैकी एकही उरली नाही. भांडण तेवढं उरलं.

एक शेवटची माहिती देते. ‘आयएनएस कोझिकोड’ हा भारतीय नौदलाचा शेवटचा माइनस्वीपर एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाला. नव्या बोटी बांधायच्या बेतावर वर्षानुवर्षं चर्चा चालू होती, पण त्या वेळी बदली एकही तयार नव्हती. विमानवाहू बोट पाण्यात उतरते तेव्हा टाळ्या वाजतात आणि त्या वाजाव्यातही. पण तिला बंदराबाहेर काढायचा मार्ग आधी कोणीतरी झाडून ठेवावा लागतो, आणि त्याच्यासाठी टाळी वाजत नाही.

तर गोळा कोणाचा? मला विचाराल तर तो प्रश्न मी परीक्षेत घालणार नाही. मी विचारीन : मार्ग कोणी झाडला? आणि उत्तरात एका नावापेक्षा जास्त नावं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देईन.

असो. लांबलं जरा. आपल्यापैकी कोणाच्या घरात आजोबांचं, पणजोबांचं जहाजावरचं नोकरीचं पुस्तक, बिल्ला, फोटो काही असेल तर रद्दीत टाकू नका. मागे त्यांचं नाव आणि बोटीचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवा. शाई पसरते, पेन्सिल टिकते.